मुलीसाठी चाललोय

नगरचा माणूस नुसता फिरायला जात नाही. तो मढीला जातो, मोहटादेवीला जातो, शिंगणापूरला तेल वाहायला जातो, नेवाशाला पैस खांबापुढे डोकं टेकवायला जातो. फिरणं होतं ते वाटेत, नकळत झाल्यासारखं. लग्न, दहावा, जागरण-गोंधळ, पाहुण्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असं काहीतरी भरभक्कम कारण हाताशी असलं की त्याच्या आडोशाने उसाचा रस, भेळ, धरणावर अर्धा तास, सगळं बिनबोभाट होऊन जातं. पण ‘मजा करायला चाललोय’ असं सांगून उंबरा ओलांडलेला मोठा माणूस आमच्या गल्लीत तरी माझ्या पाहण्यात नाही. कुणी तसं म्हणालाच, तर शेजारी आधी विचारतील, घरात सगळं ठीक आहे ना?

देवांना ही अडचण फार पूर्वी कळलेली दिसते. म्हणून तर प्रत्येक देवाच्या दारात त्यांनी जत्रा भरू दिली. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. तिथे गाढवांचा बाजार भरतो, रेवड्यांचे ढीग लागतात, आणि या सगळ्याच्या वर पाळणे फिरत असतात. केडगावच्या रेणुकामातेला नवरात्रात गेलं, तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांगड्या, फुगे, पिपाण्या आणि पलीकडे रहाटपाळणा. क्रम ठरलेला. आधी दर्शन, मग पाळणा. आधी पाळण्यात बसून मग देवळात गेल्याने काही कोप होतो असं कुठल्या पोथीत नाही, पण आजवर कुणी करून पाहिलेलं नाही.

माझे वडील आम्हाला पाळण्यात बसवायचे आणि स्वतः खाली चपला सांभाळत उभे राहायचे. चेहऱ्यावर भाव असा, की आपण इथे केवळ चपलांच्या कामासाठी आलेलो आहोत. सगळेच बाप तसे उभे असत. मौज पोरांची, जबाबदारी आपली, आणि पैसे दिलेत म्हणून तोंडावर थोडी नाराजी. पण पाळणेवाला वेग कमी करायला लागला, की त्याच बापांपैकी कुणीतरी ओरडायचा, ‘अजून एक फेरी होऊ दे की!’

आता माझी पाळी आली आहे. कन्या तिसरी पास झाली आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणजे सुट्टीतही प्रशिक्षण, याद्या, माहिती भरा, पुन्हा भरा. तेव्हा ठरलं ते असं, की या खेपेला बाप-लेकीनेच जायचं. कुठे आणि कसं, यावर घरात चर्चा सुरू झाली आणि ती अजून चालू आहे.

कन्येला इमॅजिका हवं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आलेली, आणि तिने नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरचं वर्णन मधल्या सुट्टीत हप्त्याहप्त्याने ऐकवलेलं. इमॅजिका खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, २०१३ साली सुरू झालेलं. नगरहून आधी पुणे गाठायचं, तेच १२० किलोमीटर. मग पुणं ओलांडायचं, हा वेगळा प्रवास. मग लोणावळा, मग बोरघाट. मी शिर्डी सुचवली. शिर्डीला साईतीर्थ हे थीम पार्क आहे, शेजारी वेट एन जॉय हे वॉटर पार्क आहे, आणि घरापासून सगळं मिळून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. शिवाय माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. शिर्डीचं हे सगळं उभं केलं ते संगमनेरच्या मालपाणी समूहाने, आणि २०२२ साली इमॅजिकाही त्यांच्याच ताब्यात गेलं. म्हणजे खोपोलीला जा नाहीतर शिर्डीला, मालक आपल्या जिल्ह्यातलाच. मग इतक्या लांब जायचं कशाला?

कन्येने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्यांनी नायट्रो शिर्डीला का नाही बांधला, पप्पा?”

या प्रश्नाला जिल्हाभिमानात उत्तर नाही. मी वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांची चित्रं दाखवली. एका उभ्या घसरगुंडीपाशी तिचं बोट थांबलं आणि शिर्डी मंजूर झाली. खरं सांगायचं तर त्या चित्रापाशी माझंही बोट जरा रेंगाळलं होतं. पण तो विषय नंतरचा.

थीम पार्क ही गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली ते मी त्या दिवसांत वाचून काढलं. वाचलं की खर्च केल्यासारखं वाटतं आणि पैसे लागत नाहीत. वॉल्ट डिस्ने सांगत असे, की शनिवार हा त्याचा मुलींना फिरवायचा दिवस. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोघी मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट बघायचा. तिथे त्याच्या मनात आलं, की पोरांनी आणि आईबापांनी मिळून मजा करावी अशी एखादी जागा का असू नये? डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला. पहिल्याच दिवशी खोट्या पासांवर माणसं घुसली, उन्हाने नवं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. हे वाचून मला हायसं वाटलं. गर्दी, ऊन आणि पाण्याची बोंब! म्हणजे माणसाने नारंगीच्या बागा तोडून तिथे शेवटी आपली जत्राच भरवली होती.

पण डिस्नेने एक गोष्ट मोडली. त्याने बापाला बाकावरून उठवलं. पाळण्याखाली चपला सांभाळण्याची आमची जुनी, प्रतिष्ठेची जागाच त्याने काढून घेतली. आता बापालाही आत जाऊन पट्टा बांधून बसावं लागतं, आणि पुढे किंचाळावंही लागतं. इतकं करूनही त्याला म्हणता येतं, की आपण मुलीसाठी आलो होतो. देवाचं निमित्त जुनं झालं तसं हे नवं निमित्त आलं. रविवारी नगरच्या हॉटेलांत आईस्क्रीम खाणारे बाप पाहा. प्रत्येकाच्या मांडीवर एक मूल असतं, आणि मूल बहुधा झोपलेलं असतं.

कन्येचं नियोजन माझ्याहून पुढे होतं. तिला कळलं, की मोठ्या खेळांना उंचीची अट असते. जत्रेतल्या पाळण्याला एकच अट होती, पैसे. इथे दारात पट्टी असते, आणि तिच्याखाली डोकं गेलं की परत. तेव्हापासून दाराच्या चौकटीवर रोज सकाळी पेन्सिलची रेघ पडते आहे. केस टाळूवर उंच बांधले तर ते उंचीत धरतात का, हा तिचा प्रश्न मी टाळतो आहे. पट्टीमागचं कारण मी तिला समजावलं, की मांडीवर येणारा दांडा आणि खांद्यावरचा पट्टा ठरावीक मापाच्या माणसासाठी बनवलेला असतो, लहान अंग त्यातून निसटू शकतं. ते तिला पटलं. मग तिने विचारलं, “आणि पोट मोठं असलं तर दांडा बसतो का?” बायको स्वयंपाकघरातून हसल्याचं ऐकू आलं.

रात्री मी रोलर कोस्टर कसा चालतो तेही वाचलं. नायट्रो रद्द झाला होता, तरी माहिती असावी. डबा चढावर जाताना जो खट-खट-खट आवाज येतो, तो साखळीचा नसतो. डबा मागे घसरू नये म्हणून रुळामध्ये दातेरी पट्टी बसवलेली असते, तिच्या दातांवर अडत जाणाऱ्या खिट्टीचा असतो. माथा ओलांडला की पुढे बहुतेक कोस्टरांना इंजिन नाही. ज्या उंचीवर नेऊन सोडलं, तिच्याच जोरावर सगळी वळणं. म्हणून पहिली टेकडी सर्वांत उंच, पुढच्या ठेंगण्या, कारण घर्षण वाटेत आपला हिस्सा घेत राहतं. उलटं फिरवणारं कडंही नीट गोल नसतं, थेंबाच्या आकाराचं असतं; गोल केलं तर तळाशी मानेवर फार भार येतो. हे सगळं कळल्यावर धीर यायला हवा होता. पण आमच्याकडे घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्या ड्रायव्हरला शिव्या देतात. इथे त्याच गोष्टीचं तिकीट काढायचं.

खरा अडथळा मात्र आईकडून आला. आई मूळची पाथर्डीकडची. तिच्या लहानपणी, आणि खरं तर तिच्या मोठेपणीही, पाणी मोजायचं ते हंड्याने. टँकर आला की हातातलं काम टाकून पळायचं. वॉटर पार्क म्हणजे काय ते कन्येने तिला दहा मिनिटं समजावलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आरं, पैसे भरून भिजायचं?”

आमचा जिल्हा या बाबतीत अवघडच आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, आणि पावसाने इतका विषम की दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं बोलणं खरं वाटू नये. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ पासून ते पाणी अडवतं आहे, आणि प्रवरेच्या कालव्यांवर खालचा ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत. तिकडे ढग येतात ते बहुधा पुढे बीडला जायचा रस्ता विचारायला. मधे हिवरेबाजारसारखं गाव, जिथे यंदा किती पाणी पडलं आणि कुठलं पीक घ्यायचं याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. अशा जिल्ह्यात माणसाने पाण्यात उंचावरून घसरत यायचं आणि त्याला करमणूक म्हणायचं, हे आईच्या हिशेबात बसेना.

मी शास्त्र काढलं. म्हटलं, “आई, ते पाणी वाया जात नाही. तेच गाळून, औषध टाकून पुन्हा फिरवतात.”

“म्हंजी काल लोकांनी अंघोळ केलेलं?”

शास्त्र तिथेच संपलं. पण दोन दिवसांनी दुपारी भाजी निवडता निवडता आईने सहज विचारावं तसं नातीला विचारलं, “त्या तळ्यात खरंच लाटा येत्यात का गं? केवढ्या येत्यात?” आईने समुद्र पाहिलेला नाही. कन्येने हात पसरून लाट दाखवली, तिच्या नेहमीच्या पद्धतीने दुप्पट करून. आई म्हणाली, “मला काय करायचंय म्हणा,” आणि मेथीची तीच काडी पुन्हा निवडली.

शिर्डी ठरल्याने आईच्या बाजूने एक गोष्ट जमली होती. दर्शन. शिर्डीला जाऊन दर्शन न घेता माघारी येणं ही आमच्या घरात कल्पनेपलीकडची गोष्ट. म्हणजे पुन्हा तोच क्रम, आधी देव, मग पाळणा. त्यातून गुरुवार टाळायचा, कारण पालखीची गर्दी. रामनवमी आणि गुरुपौर्णिमा तर बोलायलाच नको. कन्येने विचारलं, “तिकडे किती वेळ रांगेत उभं राहायचं?” आणि माझ्या लक्षात आलं, की दोन्हीकडे आपण मुख्यतः रांगेतच उभे राहणार आहोत. तीच लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट, समोर आलं आलं वाटतं तोच पुन्हा वळण. जादा पैसे भरले तर रांग आखूड होण्याची सोय दोन्हीकडे. डिस्नेच्या कंपनीने ती युक्ती १९९९ साली काढली, फुकट. पैसे नंतर लावले. फरक इतकाच, की एका रांगेच्या टोकाला मन शांत होतं आणि दुसऱ्या रांगेच्या टोकाला पोटात गोळा येतो. साईतीर्थाने तर ही सीमाही पुसून टाकली आहे. तिथे गाडीत बसून देशभरातल्या देवळांची तीर्थयात्रा होते, लंकादहन बघताना खुर्ची हलते, आणि द्वारकामाईत यंत्राचे साईबाबा बोलतात. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग तिथं पाया पडायचं का नाही?” मला उत्तर सुचलं नाही. तिथे गेल्यावर लोक काय करतात ते बघून ठरवू म्हटलं. आपल्याकडचे लोक पाया पडतच असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

मुक्कामाचा प्रश्न मात्र निमित्ताने सुटणारा नव्हता. कन्येला रिसॉर्टमध्ये राहायचं आहे. तिच्या मते सहल म्हणजे सकाळचा तो नाश्ता, जिथे प्लेट घेऊन फिरायचं आणि पोहे असताना केक घ्यायचा. मी हिशेब सांगितला, की इतक्या जवळ कुणी मुक्काम करत नाही, सकाळी निघून रात्री घरी. तेवढ्यात आई म्हणाली, “राहात्याला मावशी हाय की.”

शिर्डीच्या अलीकडे राहाता, आणि राहात्याला मावशी. मावशीच्या दारावरून पुढे जाऊन हॉटेलात झोपायचं, आणि हे तिला पुढच्या लग्नात कळायचं, याचे परिणाम दोन पिढ्या टिकतात. मावशीकडे राहायचं, तर तिचा पाहुणचार, तिच्या बागेतले पेरू, जेवायचा आग्रह, आणि ‘पोरीला पाण्यात कशाला नेतोस, सर्दी होईल’ हेही आलं. मी मधला मार्ग काढला. जाताना मावशीकडे चहा, येताना मावशीकडे पेरू, मधली रात्र मोघम ठेवायची. कन्या म्हणाली, “मोघम म्हणजे रिसॉर्ट ना?”

गाडी की एसटी, हेही ठरायचं होतं. शिर्डीला जाणाऱ्या मनमाड रस्त्याबद्दल नगरकर इतकं बोलले आहेत, की मी नवीन भर घालत नाही. एसटीने जायचं तर तिकिटाचं गणित मजेशीर आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना तर पूर्वीपासूनच अर्धं. पंचाहत्तरी ओलांडली की मोफत, म्हणजे आई आली तरी फुकट. आमच्या घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच उरलो आहे. आईने तर विचारलंही, की पोरगी बाईमाणूस पण आहे आणि लहान पण आहे, मग तिला पाव तिकीट का नाही? कंडक्टरला हे विचारायचं नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. विळद घाट, राहुरीचं कृषी विद्यापीठ, राहुरी फॅक्टरी, कोल्हारला प्रवरेचा पूल, बाभळेश्वर, राहाता, असा रस्ता कन्येने पाठ केला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी काय खायचं तेही.

खाण्याचं प्रकरण बायकोकडे. अशा पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा तिने वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हे बाहेरचं कसं? ते तर घरचं आहे! तोडगा असा निघाला, की दशम्या दारापाशी, आत जायच्या आधी, उभ्याने खायच्या. त्याशिवाय यादीत टॉवेल, जादा कपडे, ओडोमॉस, पोट दुखलं तर ओवा, सर्दी झाली तर सुंठ, कान दुखला तर थेंब. यादीच्या शेवटी ‘मुलीवर लक्ष ठेवणे’ असं लिहिलं आहे. ते वाचताना मला वाटून गेलं, की मुलीच्या यादीत माझ्यासाठीही एखादी ओळ असेल.

होती. ती मला कापड बाजारात कळली.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत. सुताचे धागे पाण्यातून गाळणीत अडकतात, रंग सुटतो, म्हणून नायलॉनचा पोषाखच लागतो. तेव्हा आम्ही दोघं एका संध्याकाळी कापड बाजारात गेलो. दुकानदाराने कन्येचं माप विचारलं, गुलाबी दाखवला, तिने निळा घेतला, दोन मिनिटांत काम झालं. मग मी जरा घुटमळलो. टॉवेल बघितला. टोपी बघितली. पुरुषांच्या हाफ पँट कुठे असतात, असं सहज विचारलं. पोहण्याच्या का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, म्हणजे, एक माहिती म्हणून.

“कुणासाठी पाहिजे, साहेब?”

मी उत्तर शोधत होतो. कन्या काउंटरवर कोपरं टेकवून म्हणाली, “पप्पांसाठी. डबल एक्सएल द्या. आणि त्यांना तो उभ्या घसरगुंडीचा फोटो दाखवला तर ते म्हणतील की माझ्यासाठी चाललेत, पण तुम्ही हो म्हणा.”

दुकानदार हो म्हणाला. मग त्याने आतून दोन पँटा काढल्या, एक काळी आणि एक चक्क फुलाफुलांची, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, “आमच्या पोराला घेऊन गेलो होतो मागच्या मेमध्ये. फुलांची घ्या. पोरांना आपण लांबून ओळखू येतो.”